वळणावरचा हात

टकळी तिठ्यावर हात लांब करून उभी होती, आणि तिचा हात बघून सायकलीच काय, कोंबड्यांचा एक टेम्पोसुद्धा डावीकडे वळला होता.

गटाचा नियम साधा होता. रस्ता फुटला की म्होरक्याच्या लगेच मागे जो असेल त्याने तिथे उतरायचं, हाताने वाट दाखवायची, आणि नारिंगी जाकीटवाली मावशी येईपर्यंत जागचं हलायचं नाही. मावशी पेशाने नर्स. गटात तिला शेपूट म्हणत. शेपटाच्या मागे कुणी उरायचं नाही, हा दुसरा नियम.

आज म्होरक्याच्या लगेच मागे टकळी होती. पहिल्यांदाच. चहाच्या थांब्यावरून ती जी सुटली ती वाऱ्यावरच. बाबा तेव्हा बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होते. हो पुढे, म्हणाले, आणि ही झाली. घरून निघताना आईने दहादा बजावलं होतं, बाबांवर डोळा ठेव. दोन महिन्यांपूर्वी हॉस्पिटलमधून आले तेव्हा बाबा चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे, तरी तो बशीवर वाजायचा.

म्हणून आता ती समोरून जाणाऱ्याकडे बघतच नव्हती. डावीकडे काका, डावीकडे काकू, तोंडाचा पट्टा चालू. नजर मात्र पार मागे, चढाच्या टोकाला. तिथून वाकलेली, धापा टाकणारी एक सायकल यायची होती. सायकली सगळ्यांच्या एकाच दुकानातून भाड्याने घेतलेल्या, लाल. डोक्यावर हेल्मेट, धुळीसाठी नाकावर फडकं. माणूस ओळखायचा तो जाकिटावरून, आणि बाबांचं जाकीट निळं.

म्होरक्या, ती आणि मावशी सोडून अकराजण. तिने मोजायला घेतले. नऊपर्यंत नीट जमलं, मग तो टेम्पो मध्ये घुसला, आणि दहावा टेम्पोच्या अलीकडचा की पलीकडचा यात सगळं गणित बोंबललं. तेवढ्यात नारिंगी जाकीट आलं.

चल, झाले सगळे, मावशी म्हणाली.

"बाबा गेले नाहीत."

"माझ्या मागे कुणी नाही. म्हणजे पुढेच असणार."

"निळं जाकीट गेलंच नाही, मावशी. डोळ्यांत तेल घालून बघत होते मी."

मावशीने मागे वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता. मधे पुलापाशी ती कुणाची तरी चेन चढवायला थांबली होती, तेव्हाही कुणी दिसलं नव्हतं. फोनला रेंज नाही. टकळीच्या डोक्यात पूल शिरला तो निघेना. पुलाखाली उतरले असतील? पाणी मारायला, तोंडावर? आणि चक्कर आली असेल तर? तिने सायकलचं तोंड मागे वळवलं. मग वाटलं, पुढेच असले तर आपण उगाच उलट्या दिशेला. पुन्हा पुढे वळवलं. मग पूल आठवला, की परत मागे. मावशीही एकदा नियम सांगे आणि एकदा पुलाकडे बघे.

समोरच्या ओट्यावर मशीन चालवणारा शिंपी हे सगळं बघत होता. त्याने पाय थांबवला.

"तीनदा तोंड फिरवलंस सायकलचं. काय हरवलंय?"

बाबा, ती म्हणाली. उंच आहेत, निळं जाकीट, हळूहळू चालवतात.

निळं कुणी गेलं नाही, शिंपी म्हणाला. मग त्याने दातात धरलेला दोरा तोडला. उंच मात्र एक गेला. ही सायकलवरून उतरली न उतरली तोच, अगदी हिच्या पाठोपाठ. हिरवं जाकीट, पण ते त्याचं नव्हे. बाह्या चार बोटं आखूड. डावा खांदा उतरलेला.

डावा खांदा बाबांचा. लहानपणी ती त्याच खांद्यावर बसायची, आणि आई म्हणायची, हिनेच उतरवला.

मावशीला आता आठवलं, की थांब्यावर कुणाचा तरी चहा निळ्या जाकिटावर सांडला होता, आणि कुणीतरी आपलं काढून दिलं होतं.

"पण बाबा असे पाठोपाठ कसे येतील?" टकळी म्हणाली. "त्यांना चढ झेपत नाही."

"ते मला ठाऊक नाही. हा उभा राहून पायडल मारत होता." शिंप्याने कापड सरळ केलं. "तू त्याला काका म्हणालीस. बरं ताई, म्हणाला, आणि गेला."

ती निघाली, पण पटलेलं अर्धंच होतं. पिठाची गिरणी गेली, शाळेची भिंत गेली. प्रत्येक दारात ती हिरवं शोधत होती आणि मनातून निळं. मावशी मागे पडत गेली.

गावाबाहेर पाण्याच्या टाकीपाशी रस्ता पुन्हा फुटत होता. तिथे एकजण हात लांब करून उभा होता. तिने ब्रेक दाबला. फडक्याच्या वर डोळे तेवढे दिसत होते, आणि ते तिच्याकडेच बघत होते.

"उजवीकडे, ताई."

टकळीने सायकल बाबांच्या बाजूला लावली. शेपूट अजून लांब होतं, त्यामुळे हात खाली घ्यायची सोय नव्हती. आखूड बाहीतून मनगट पार बाहेर आलं होतं, आणि हात जरासुद्धा हलत नव्हता.