गोदामाची जागा

सोलर बसवायला लुसाका शहरातून आलेल्या कासोंडेने चौथी खुंटी ठोकली, दोरी ताणली आणि हात झटकले.

"गोदाम इथंच. छपराचा उतार उत्तरेला, त्यावर सोलरच्या पाट्या. फक्त ते वाळकं झाड पाडा. उद्या फांदी मोडली तर पाट्यांचा चुरा होईल."

उत्तरेला पंधरा पावलांवर मुसांगूचं झाड उभं होतं. डिसेंबर होता, म्हणजे इथला पावसाळा. चार पाऊस होऊन गेले होते, सारं रान पालवलं होतं. या झाडाच्या अंगावर मात्र एक पान नव्हतं.

"दुपारपर्यंत आडवं करतो," हामेजा म्हणाला. भुईमूग फोडायचं यंत्र कधी एकदा चालतंय, असं त्याला झालं होतं. पायाचे दगड उद्या सकाळी येणार होते. तो कुऱ्हाड आणायला वळला.

"थांब रे!" त्याची आई ओरडली. गोदाम बायकांच्या गटाचं आणि गटाची प्रमुख ती. "वाळकं नाही, झोपलंय ते. पावसात सगळी झाडं नेसतात, तेव्हा हे नागडं. जूनच्या थंडीत सगळी उघडी पडली की हे नटतं. तुझ्या बापासारखं, उलट्या खोपडीचं! पण त्याचा पाला पडतो म्हणून आपला मका खतावाचून येतो."

कासोंडेचा चेहरा उतरला. "आजी, मग तर पाडायलाच हवं. आपल्याकडे थंडीत ऊन उत्तरेकडून कलून येतं. भरल्या झाडाची सावली सरळ छपरावर."

"छपरावर की अलीकडे, ते कळायला जूनपर्यंत थांबायचं का?" हामेजा म्हणाला.

"जून कशाला? सावली इथंच आहे." म्हातारीने काठी वारुळाकडे केली. "लुसाकाचे साहेब, चढा त्याच्यावर."

वारूळ घराएवढं होतं. कासोंडे बूट काढून, घसरत घसरत चढला.

"दिसली का?"

"काय?"

"गवत बघा, गवत!"

त्याने बघितलं. सगळीकडे कोवळं, पोपटी गवत होतं. झाडाच्या दक्षिणेला मात्र ते गर्द होतं, जवळजवळ काळं. झाडाच्या बुंध्यापासून निघून ते रुंदावत आलं होतं आणि कडेला घेरासारखं गोल झालं होतं. दोन खुंट्या त्याच्या आत होत्या.

"थंडीत आमची गुरं सावलीत बसतात," खालून म्हातारी म्हणाली. "सावली सरकली की तीही सरकतात. सावली जिथवर, शेण तिथवर."

कासोंडेने वरूनच खुंट्यांकडे बोट केलं.

हामेजाने खुंट्या उपटल्या. "किती मागे घेऊ?"

"हिरवं संपेपर्यंत," वरून कासोंडेचा आवाज आला. तो हळू झाला होता.

हामेजा पावलं मोजत निघाला. एवढ्यात सूर्यावर ढग आला. माणसांच्या, काठीच्या, वारुळाच्या सावल्या पुसल्या गेल्या.

झाडाची तेवढी गवतात राहिली.