दोघं असलो की

"तू नुसती जॉयस्टिक धरून शेजारी बस गं. दोघं असलो की राक्षस कमी येतात," अंथरुणाला खिळलेला नवरा म्हणायचा. कुंदा कुरकुरत बसायची. मांडीवर जॉयस्टिक, पुढ्यात निवडायची मेथी.

तो गेल्यावर तिनं पहिल्यांदाच एकटीनं गेम लावला. आता झुंडीच येणार, म्हणून अंग चोरून बसली. बराच वेळ पडद्यावरचं जंगल रिकामंच. मग एक राक्षस आला, तोही रेंगाळत.

"बिघडलाय का गं हा?" तिनं लेकीला विचारलं.

"नाही आई, एकट्याला कमीच येतात. दुसरी जॉयस्टिक जोडली की दुप्पट. बाबांना ठाऊक होतं की!"

कुंदानं त्याची जॉयस्टिक पदरानं पुसली आणि जोडली.

राक्षस झुंडीनं आले. तिनं एकही बटण दाबलं नाही.