आठ सेकंदांची धून

पेल्टिएबाईंच्या पायरीवर नॉर्मनने टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. त्या दाराशी पन्नाशीतला माणूसही सहावीतला होतो. सकाळपासून तीनदा फोन केला होता, बाईंनी उचलला नव्हता. दाराशेजारी त्यांचे चिखलाने माखलेले बूट पडले होते.

दार उघडलं. "ये. पाय पूस."

पाय पुसता पुसताच तो बोलून गेला, "बाई, कालची चूक माझी. सगळी माझी."

गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून नॉर्मन वाचनालयातर्फे इंटरनेटवर ठेवायचा. आवाज चालू असताना ठरलेल्या सेकंदाला लिंक आपोआप उघडायची आणि ज्याचं नाव निघालं त्याचा फोटो पडद्यावर यायचा. काल संध्याकाळी सगळं गाव वाचनालयात जमलं होतं. हिवाळ्यात वारलेल्या अल्फी मिशोचा आवाज सांगत होता, "एकसष्टला बटाट्याच्या वखारीला आग लागली. लेव्हेकांचा नऊ वर्षांचा डॅनी गेला. जळती सिगारेट कोणी टाकली ते मी पाहिलंय."

नेमका तेव्हाच पडद्यावर बाईंचा फोटो आला. एकच गलका झाला. बाई उठून निघून गेल्या.

सहावीत नॉर्मनच्या खिशात एक सिगारेट सापडली, तर याच बाईंनी त्याला महिनाभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. त्यांच्यावर असला आळ, आणि तोही त्याच्या हातून! रात्रभर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"लिंका लावून झाल्यावर मी सुरुवातीला फिडलची धून जोडली," तो म्हणाला. "आठ सेकंदांची. बोलणं तेवढं पुढे सरकलं, लिंका जागच्या जागी राहिल्या. तुमचा फोटो त्यानंतरच्या एका वाक्याला यायचा होता. पेल्टिएबाईंनी शाळेत शोकसभा घेतली, त्या वाक्याला."

"धून कशाला जोडलीस?"

"बरी वाटली म्हणून."

"शाळेतही तुझं हेच. उत्तर बरोबर काढायचं आणि मग त्याला वेलबुट्टी."

नॉर्मनची मान आणखी खाली गेली. "आज संध्याकाळी सगळ्यांसमोर माफी मागतो. लाज वाटते हो बाई. तुमच्याकडे बघवत नाही."

बाई सावकाश खुर्चीत बसल्या. "म्हणजे अल्फीने माझं नाव घेतलंच नव्हतं?"

"छे! कोणाचंच घेतलं नाही. 'ते नाव माझ्याबरोबरच जाईल,' असं म्हणाला तो. गलक्यात कोणाला ऐकू गेलं नाही, एवढंच."

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. बर्फ वितळून शेतातली वाट चिखलाने भरली होती. वाटेच्या टोकाला लेव्हेकांचं घर होतं.

"नॉर्मन, तू कालच यायला हवं होतंस," त्या म्हणाल्या. "आज सकाळीच मी डॅनीच्या आईसमोर बसून सगळं कबूल करून आले."