जाऊबाईंचं कौतुक

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण आणि तिळाच्या वड्या वाटता वाटता हेमांगी प्रत्येकीची टिकली निरखत होती. घामात कर्करोगाचं प्रथिन उतरलं, की टिकलीतली प्रतिपिंडं ते हेरत आणि लाल टिकली निळी होई. सगळ्यांच्या लाल होत्या. स्वतःचं कपाळ मात्र कुणाला दिसतं?

तेवढ्यात थोरल्या जाऊबाई आल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी हेमांगीच्या एकाही पदार्थाला धड म्हटलं नव्हतं.

तिच्याकडे बघून त्या जागीच थबकल्या. मग म्हणाल्या, "वड्या छान झाल्यात गं. माझ्यापेक्षा सरस."

हेमांगीचा हात कपाळावरच्या टिकलीकडे गेला.

"ताई, असं नका ना बोलू. दगड झाल्यात म्हणा!"

"दगडच झाल्यात मेल्या," जाऊबाई म्हणाल्या. इतक्या मायेनं त्या आजवर कधीच बोलल्या नव्हत्या.