पाठ दाखवणारे स्वार

स्पोसक टेकडीवर आला, पण घोड्यावरून उतरला नाही. राजासमोर हा सरळसरळ उद्धटपणा होता. फरबख्त राजाने आज तो गिळला. खालच्या माळावर त्याचा चुलतभाऊ फौजेनिशी उभा होता. पश्चिमेचे पाच प्रांत त्याने आधीच घशात घातले होते. आज हार झाली तर उरलेसुरले साम्राज्य जाणार होते, आणि फरबख्तचे मुंडकेही.

राजाने डाव सांगितला. डाव तरी कसला, इराणातल्या या पार्थियन लोकांच्या आज्या-पणज्यांपासून चालत आलेला. स्पोसकच्या तिरंदाज स्वारांनी शत्रूवर धावून जायचे, घाबरल्याचे सोंग करून टेकडीकडे पळत सुटायचे आणि शत्रू पाठीस लागला की भरधाव घोड्यावर मागे वळून बाण सोडायचे.

"ऐकू आलं ना?" राजाने विचारले.

भोवतीचे दरबारी हसले. स्पोसकला कान नव्हते. दोन वर्षांपूर्वी काही सरदारांनी त्याला गादीवर बसवायचे घाटले, तेव्हा राजाने ते कापवले होते. अंगात व्यंग असलेला माणूस राजा होऊ शकत नाही. मग त्याचा जीव कशाला घ्यायचा? त्याचे सहा हजार स्वार त्याच्याशिवाय कोणाचे ऐकत नसत.

"आलं, महाराज," स्पोसक म्हणाला. "कान गेले, भोकं शाबूत आहेत."

"जीभही शाबूत आहे. अजून तरी."

"आपली कृपा."

तो गेल्यावर राजाचा म्हातारा ढालाईत बर्झाक हळूच म्हणाला, की या माणसावर एवढी भिस्त बरी नव्हे.

"खुळा आहेस," राजा म्हणाला. "गादी तर त्याला या जन्मी मिळायची नाही. दगा करून तो मिळवणार काय?"

सगळे ठरल्यासारखे घडले. स्वार धावून गेले, बिचकले, उधळले आणि धुळीचे लोट उठवत टेकडीकडे पळत सुटले. चुलतभावाची फौज मागे लागली, पण बरेच अंतर राखून.

"भित्रा लेकाचा," राजा हसला. "पाठलागसुद्धा धड जमत नाही."

स्वार टेकडीच्या पायथ्याशी आले. सहा हजार धनुष्ये एकदम ताणली गेली.

"आता वळतील बघ," राजा म्हणाला.

एकाचीही मान मागे वळली नाही.