बसायला खुर्ची

मशीनच्या टाकीतलं काळंकुट्ट पाणी मालनने तिसऱ्यांदा मोरीत ओतलं, तेव्हा कुठे गालिच्यावरचे मोर दिसायला लागले. गालिचे धुण्याच्या तिच्या धंद्यातलं हे पहिलंच घर. महिनाभर तिने घरच्या जुन्या सतरंजीवर हात बसवला होता.

"अगदी नव्यासारखा केलास गं," बंगल्याच्या मालकीणबाई म्हणाल्या.

वाळलेला गालिचा दिवाणखान्यात अंथरताना मालनची कंबर भरून आली. ती क्षणभर त्याच्या कडेला टेकली, तसा बाईंचा आवाज बदलला. "अगं, त्यावर बसतेस काय? ऊठ आधी. बाहेर पायरीवर बस."

मालन उठली. तेवढ्यात बागेतून बाईंचा कुत्रा आला आणि गालिच्याच्या मधोमध पसरला. बाई कौतुकाने हसल्या. मालनच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती मशीन घेऊन निघाली.

चार दिवसांनी बाईंचा फोन आला. "माझ्या बहिणीचाही गालिचा धुवायचाय. कधी येशील?"

"येईन की," मालन म्हणाली. "पण काम करून दमले की मी खुर्चीवर बसते. बहिणीला चालणार असेल, तर सांगा."

आणि फोन कानाला धरूनच ती मशीनची टाकी पुसायला लागली.