शेजाऱ्यांना कळवा

आठ चाळीस झाले आणि कॉम्प्युटरने मास्तरांचा नंबर लावला. मास्तर जाऊन नऊ दिवस झाले होते. कॉम्प्युटरला त्याचं काय! यादीत नाव आहे तोवर तो फोन लावणार, वाजू देणार, थांबणार आणि पुन्हा लावणार.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी फोन करून ती ठीक आहेत ना, हे बघणारं ते ऑफिस. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर सगळं काम चौकटी आणि बाण काढून मांडलेलं. फोन लावा, नाही उचलला तर पुन्हा लावा, तरीही नाही तर शेजाऱ्यांना कळवा. कॉम्प्युटर त्या बाणांमागून मुकाट चालायचा. बोर्ड एकच आणि त्यावर हात चालवणारे सातजण. त्याची देखभाल जिच्याकडे होती, तिला सगळे चौकटताई म्हणत.

एका शुक्रवारी 'शेजाऱ्यांना कळवा' ही शेवटची चौकट बोर्डवरून नाहीशी झाली. शनिवारी मास्तरांनी फोन उचलला नाही. कॉम्प्युटर बाणाच्या टोकापर्यंत गेला आणि पुढे काहीच नाही म्हणून यादीतल्या दुसऱ्या नावाकडे वळला. रविवारीही तेच झालं, सोमवारीही तेच. मास्तर न्हाणीघराच्या दारात पडून होते. पहिला दिवस तरी ते शुद्धीवर असणार, असं नंतर डॉक्टर म्हणाले.

चौकट कुणी उडवली हे कुणालाच कळलं नाही, कारण कोण काय काढतं याची नोंद बोर्ड तेव्हा ठेवत नव्हता. चौकटताईला मात्र माहीत होतं. दर शुक्रवारी बोर्डची झाडलोट करायची ऑफिसची पद्धत होती. आठवडाभर चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या ज्याच्या त्याने काढायच्या, म्हणजे शेवटी तिनेच काढायच्या. कोपऱ्यातल्या त्या चौकटीवर तर चिठ्ठ्यांचा नुसता खच पडलेला. तिने माऊसने सगळ्यांभोवती एकच वेढा घातला आणि बटण दाबलं. चिठ्ठ्यांबरोबर खालची चौकटही गेली. कोपरा कसा लख्ख झाला, म्हणून ती खूश होऊन घरी गेली होती. ती खुशी आठवली की तिला स्वतःची शिसारी येई.

चौकट परत बसवली गेली. पण डिलीट करण्यावर कुलूप बसेपर्यंत कुणीही काहीही काढायचं नाही, असं ऑफिसच्या प्रमुख मॅडमनी बजावलं होतं. त्यात मास्तरांचं नावही राहून गेलं. म्हणून आताही ती चौकट लाल झाली, आणि लाल झाली की कुणीतरी फोन करावाच लागे. बाकीचे सहाजण एव्हाना चहाला पांगले होते. चौकटताईने शेजारणीला फोन लावला.

"आजपण?" शेजारीण म्हणाली. "अहो, भिंतीपलीकडे त्यांचा फोन वाजतो आणि माझ्या हातातला घास हातातच राहतो. उठून दार उघडायला जावंसं वाटतं. तेव्हा नाही कळवलंत, आता रोज कळवताय."

"आजचा शेवटचा," चौकटताई कशीबशी म्हणाली.

कुलूप तयार झालं होतं. यापुढे काहीही काढायचं तर बोर्ड आधी विचारणार होता, कोण काढतंय आणि का. मग दुसऱ्या कुणीतरी मंजुरी दिली तरच ते जाणार. पहिलं काढायचं होतं ते मास्तरांचं नाव.

"काढ गं, मी मंजुरी देते," समोरच्या टेबलावरून मॅडम म्हणाल्या. "सुटू दे बिचाऱ्यांना एकदाचं. आणि तूही जरा धड जेवत जा. काय तोंड झालंय तुझं!"

तिने नाव निवडलं. कारण लिहा, असं बोर्डने सांगितलं. तिने 'निधन' लिहिलं. तेवढं पुरेसं होतं. नोकरी राहिली असती, सहाजणांत बसून चहा पिता आला असता. पण फोन तीन सकाळी वाजला होता. पहिल्या सकाळी तरी मास्तरांनी तो ऐकला असणार, त्याच्याकडे हात पुढे केला असणार. ती फार घाबरली होती. तिने 'निधन' खोडलं आणि भराभर लिहिलं, 'शेजाऱ्यांना कळवायची चौकट शुक्रवारी माझ्या हातून उडाली. म्हणून तीन दिवस कुणी गेलं नाही.' आणि पाठवून दिलं.

मॅडमनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग उठून त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं.

"कुणाला बोललीस हे?"

"नाही."

"मग ऐक माझं. त्या दिवशी बोर्ड आवर, बोर्ड आवर म्हणून मीच तुझ्या मागे लागले होते. कारण बदल. नुसतं 'निधन' लिही, मी डोळे झाकून मंजुरी देते."

"बदलता येत नाही, मॅडम. एकदा पाठवलेलं कारण कुणालाच पुसता येत नाही."

"अगं, पण हे असं केलं कुणी?"

"मीच. काल दुपारी, कुलूप बसवताना," चौकटताई म्हणाली. "पाठवल्यावर माझा धीर सुटणार, हे मला माहीत होतं."